विहिरीवरची मोटार घरातून: पंपावर नजर ठेवणारं आणि तो चालू-बंद करणारं सॉफ्टवेअर कसं लिहावं

जुन्नर तालुक्यात आमच्या भागात रात्रपाळीची लाइट आली की कुणीतरी उठून विहिरीवर जावं लागतं. वाट उसातून. उसात बिबट्या असतो, आणि ही गोष्ट आमच्याकडे गंमत म्हणून सांगितली जात नाही. आमचे आण्णा बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे, मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून दुसऱ्याच कुणाचं सॉफ्टवेअर दुरुस्त करत असायचो. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, आपल्या मोटारीसाठी आपणच लिहू.

पहिला प्रयत्न तीन दिवसांत उभा राहिला. फोनवर एक बटण. दाबलं की विहिरीवरचा रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारा स्विच, टक्कन वाजायचा आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘मोटार चालू’ यायचं. दहा-बारा दिवसांनी एका रात्री हिरवी अक्षरं बघून आण्णा झोपले. सकाळी कांद्याचे वाफे कोरडेठाक. एक फेज गेली होती, प्रिव्हेंटरनं (एखादी फेज नसेल तर मोटार सुरू होऊ न देणारं यंत्र) मोटार उचलूच दिली नव्हती. रिलेनं आपलं काम केलं होतं, सर्व्हरनं आपलं केलं होतं, पाणी मात्र आलं नव्हतं. माझा प्रोग्रॅम ‘चालू कर असं सांगितलं’ आणि ‘चालू आहे’ या दोन गोष्टी एकच धरून बसला होता.

खाली जे लिहिलं आहे ते त्या रात्रीनंतर नव्यानं लिहिलेल्या सॉफ्टवेअरबद्दल आहे. उदाहरण 5 एचपीच्या थ्री फेज सबमर्सिबलचं आहे, पण सोसायटीची पाण्याची टाकी, पॉलीहाऊसचे पंखे, शीतगृहाचा कॉम्प्रेसर, काहीही असो, प्रोग्रॅमची हाडं हीच राहतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. फक्त फोन लावून मोटार चालू-बंद करायची असेल तर बाजारात तयार मोबाइल स्टार्टर मिळतात. ते घ्या आणि हा लेख इथेच सोडा. स्वतः लिहिण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा तुम्हाला करंट किती आहे हे बघायचं आहे, नोंदी ठेवायच्या आहेत, आणि नियम आपल्या मनासारखे लावायचे आहेत.

आधी कागद, मग कोड

वही घ्या आणि एका पानावर फक्त काय काय बिघडू शकतं ते लिहा. माझं पान असं होतं: लाइट मध्येच जाते. एक फेज जाते. विहिरीतलं पाणी संपतं आणि मोटार कोरडी फिरते. नेटवर्क जातं, तेही मोटार चालू असताना. सर्व्हर बंद पडतो. बोर्ड अडकून बसतो. आदेश दोनदा पोचतो. आदेश तासाभरानं पोचतो. सिमचं रिचार्ज संपतं.

आता प्रत्येकासमोर लिहा: हे झालं तर निर्णय कोण घेणार? विहिरीवरचा बोर्ड, सर्व्हर, की माणूस? नियम सोपा ठेवा. मोटार किंवा माणूस धोक्यात येईल असा कुठलाही निर्णय नेटवर्कपलीकडे पाठवायचा नाही. कोरडी मोटार थांबवणं हे बोर्डाचं काम, पुण्यातल्या सर्व्हरचं नाही. आणि त्याही खाली स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आणि प्रिव्हेंटर जसेच्या तसे राहिले पाहिजेत. ‘आता सॉफ्टवेअर आहे, प्रिव्हेंटर कशाला’ असं म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्या हातात पक्कड देऊ नका.

सामान आणि स्टार्टरची जोडणी

बोर्ड, म्हणजे विहिरीवरचा छोटासा संगणक, म्हणून ईएसपी32 पुरेसा आहे. स्वस्त आहे, वायफाय आतच आहे आणि त्यावर लिहायला शिकवणारं साहित्य भरपूर आहे. त्याचं वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणून राउटर घेताना ते बघा. शेतावर मी सिम घालायचा छोटा 4जी राउटर ठेवला. थेट बोर्डाला जोडायचं सिम मॉड्यूल घ्यायचं असेल तर जुन्या सिम800 जातीच्या मॉड्यूलपासून लांब राहा. ते 2जीवर चालतं, त्यात जिओचं सिम चालणारच नाही, आणि संदेश पाठवताना ते क्षणभर 2 अँपिअरपर्यंत करंट खेचतं, त्यामुळे हलका सप्लाय असेल तर बोर्ड सारखा रीसेट होत राहतो.

स्टार्टरच्या जोडणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथली चूक जिवावर बेतते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि फ्यूजच्या ग्रिप्स काढून खिशात ठेवल्याशिवाय पेटीत कुणी हात घालू नये.

नेहमीच्या डीओएल (मोटार थेट लाइटवर उचलणाऱ्या) स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीला लाइट देणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल ओढली जाते आणि कॉन्टॅक्टरचाच एक जादा कॉन्टॅक्ट तिला धरून ठेवतो. लाल बटण त्या वाटेत मालिकेत असतं. ते दाबलं की वाट तुटते. आपल्याला दोन रिले लागतात. पहिला हिरव्या बटणाला समांतर, साधारणपणे उघडा. तो फक्त सेकंदभर मिटवायचा. दुसरा लाल बटणाच्या मालिकेत, साधारणपणे मिटलेला. थांबवायचं तेव्हा दोन सेकंद उघडायचा. बोर्ड मेला तरी दोन्ही बटणं पूर्वीसारखी चालतात, हा या रचनेचा मोठा फायदा. आण्णांना रात्रीतून प्रोग्रॅमर शोधत बसावं लागत नाही.

शेतावरच्या बऱ्याच स्टार्टरची कॉइल दोन फेजमध्ये, म्हणजे 415 व्होल्टवर असते. बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिले मॉड्यूलवर 250 व्होल्ट छापलेलं असतं. ते थेट तिथं लावायचं नाही. मध्ये 24 व्होल्ट डीसी कॉइलचे दोन छोटे ऑक्झिलरी कॉन्टॅक्टर घाला, ज्यांचे कॉन्टॅक्ट 415 ला चालतात. निळा रिले फक्त त्या 24 व्होल्टच्या कॉइल चालवेल. 24 व्होल्टच्या सप्लायसाठी भरवशाची न्यूट्रल नसेल तर 415 वरून 230 करणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्या. न्यूट्रलऐवजी अर्थिंगची तार वापरायची सवय आपल्याकडे आहे. इथं ती नको.

बोर्ड आणि राउटर मात्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर ठेवा. लाइट गेली हे कळवण्यासाठी लाइट नसताना जागं राहणारं कुणीतरी हवं.

पिन निवडताना

वरवर किरकोळ, पण माझा अख्खा एक रविवार यात गेला. ईएसपी32 सुरू होताना काही पिनांची अवस्था वाचून कसं सुरू व्हायचं ते ठरवतो: 0, 2, 5, 12 आणि 15. यातल्या 12 वर सुरुवातीला व्होल्टेज असलं तर बोर्ड सुरूच होत नाही. 6 ते 11 आतल्या फ्लॅश मेमरीनं घेतलेल्या असतात. 34 ते 39 फक्त वाचायला. त्यांवर रिले चालणार नाही. करंट मोजायला 32 ते 39 मधल्याच पिना घ्या, कारण दुसऱ्या गटातलं अॅनालॉग मोजमाप वायफाय चालू असताना वापरता येत नाही.

रिले मॉड्यूल बहुधा उलट्या चालीचं असतं, शून्य दिलं की ओढतं. बोर्ड सुरू होताना पिन क्षणभर अधांतरी असते आणि तेवढ्यात रिले वाजू शकतो. उपाय दोन, आणि दोन्ही करा: पिनेला 10 किलोओहमचा रेझिस्टर लावून ती ‘बंद’ बाजूला ओढून ठेवा, आणि कोडमध्ये आधी पिनेची पातळी ‘बंद’ लिहा, मग ती आउटपुट म्हणून जाहीर करा. क्रम उलटा झाला तर प्रत्येक रीसेटला मोटारीला एक धक्का बसेल.

मोटार खरंच चालू आहे का, ते मोजणं

तीन फेजवर तीन सीटी, म्हणजे तारेतला करंट मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर. तार न कापता तिच्याभोवती मिटवता येणारे, 30 अँपिअरला 1 व्होल्ट देणारे एससीटी013 जातीचे सीटी चालतात. 5 एचपीची मोटार भरल्या पाण्यात साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे सीटीतून पाव व्होल्ट येईल. हा व्होल्ट वरखाली होणारा असतो आणि बोर्डाला ऋण व्होल्ट वाचता येत नाही, म्हणून दोन सारख्या रेझिस्टरांनी 3.3 चा अर्धा करून त्याला 1.65 वर बसवायचं.

मोजायची रीत अशी. आपली लाइट 50 हर्ट्झची, एक फेरा 20 मिलिसेकंदांचा. पूर्ण दहा फेरे, म्हणजे 200 मिलिसेकंद, सतत वाचत राहा. सगळ्या वाचनांची सरासरी काढा, ती 1.65 च्या आसपास येईल. प्रत्येक वाचनातून ती वजा करा, वर्ग करा, वर्गांची सरासरी घ्या, वर्गमूळ काढा. आलेल्या आकड्याला एका स्थिर गुणकानं गुणलं की अँपिअर. हा गुणक पुस्तकातून घेऊ नका. वायरमनचा क्लॅम्प मीटर लावा आणि त्याच्याशी जुळवा. मोटार बंद असतानाही थोडा आकडा दिसत राहील, तो गोंगाट आहे. माझ्याकडे 0.3 च्या खालचं सगळं शून्य धरतो.

लाइट आहे का, तिन्ही फेज आहेत का, हे मोटार बंद असताना करंटवरून कळणार नाही. त्यासाठी प्रिव्हेंटरला रिकामा कॉन्टॅक्ट असेल तर तो बोर्डाच्या पिनेला द्या. नसेल तर तसा कॉन्टॅक्ट असलेला फेज मॉनिटरिंग रिले घ्या. 415 व्होल्ट बोर्डाजवळ आणायचीच गरज राहत नाही.

आता आठवडाभर काहीही चालू-बंद न करता फक्त मोजा. या टप्प्यावर सगळे घाई करतात. मी थांबलो म्हणून कळलं की आमची मोटार पाणी असताना 7.4 घेते आणि पाणी तुटलं की 4.6 वर येते. मधला 5.5 हा आकडा कोरड्या मोटारीची सीमा म्हणून तिथून आला. तुमच्या मोटारीचा आकडा वेगळा असणार.

बोर्डातला प्रोग्रॅम

सगळा प्रोग्रॅम पाच अवस्थांमध्ये बसतो: बंद, सुरू होतेय, चालू, थांबतेय, कुलूप (ठरावीक वेळ पुन्हा सुरू करायची बंदी). कुठल्याही क्षणी मोटार यातल्या एकाच अवस्थेत असते, आणि एका अवस्थेतून दुसरीत जायच्या वाटा मोजक्या असतात. वहीत पाच गोल काढा, बाण काढा, प्रत्येक बाणावर अट लिहा. हे चित्र नीट जमलं तर कोड नुसता उतरवून काढायचा.

‘बंद’मधून ‘सुरू होतेय’कडे जाणारा बाण घ्या. आदेश ताजा आहे? त्याचा क्रमांक आधी येऊन गेलेला नाही ना? तिन्ही फेज आहेत? मागच्या वेळी थांबून निदान दोन मिनिटं झाली? सबमर्सिबल थांबली की पाइपातलं पाणी मागं येतं, त्याच क्षणी पुन्हा उचलायची नसते. सगळं ‘हो’ असेल तर हिरव्या बटणाचा रिले सेकंदभर मिटवा आणि पाच सेकंद वाट बघा. तेवढ्यात तिन्ही सीटींवर 2 अँपिअरच्या वर करंट आला तरच अवस्था ‘चालू’. नाही आला तर लाल रिले उघडून ‘बंद’वर परत या आणि कारणासकट कळवा: ‘सांगितलं, पण उचलली नाही’. कांद्याच्या वाफ्यांनी शिकवलेली ओळ ती हीच.

‘चालू’मध्ये असताना दर अर्ध्या सेकंदाला तपासायचं. करंट सलग आठ सेकंद 5.5 च्या खाली: पाणी तुटलं, थांबवा, 45 मिनिटं कुलूप. एखाद्या फेजचा करंट गेला किंवा तिघांच्या सरासरीपासून 20 टक्क्यांहून लांब गेला: दोन सेकंदांत थांबवा. तिन्ही एकदम शून्य: लाइट गेली किंवा कुणी हातानं लाल बटण दाबलं. यातलं काय झालं ते प्रिव्हेंटरची पिन सांगेल. हातानं थांबवलं असेल तर प्रोग्रॅमनं ती आपणहून परत सुरू करायची नाही. माणूस विहिरीत उतरलेला असू शकतो.

उचलताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, म्हणून पहिल्या पाच सेकंदांत जास्त करंटचा आणि असमतोलाचा नियम लावू नका.

लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, ‘इतके सेकंद थांब’ ही सूचना कुठेच वापरू नका. बोर्ड त्या वेळात आंधळा होतो. त्याऐवजी वेळ टिपून ठेवा आणि फेरीगणिक बघा किती झाला. दुसरी, बोर्डाचा मिलिसेकंदांचा काटा 32 बिटांचा असतो आणि 49.7 दिवसांनी शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का’ अशी तुलना केलीत तर पन्नासाव्या दिवशी विचित्र वागणूक दिसेल. ‘आत्ता वजा तेव्हा’ हे अंतर मुदतीशी ताडा, म्हणजे काटा फिरला तरी हिशेब बरोबर येतो. तिसरी, वॉचडॉग चालू ठेवा: आठ-दहा सेकंद मुख्य फेरी फिरली नाही तर बोर्ड आपोआप रीसेट व्हावा. पण रीसेटनंतर बोर्डानं ‘मोटार बंद असणार’ असं गृहीत धरायचं नाही. आधी करंट मोजायचा, मग अवस्था ठरवायची.

नेटवर्कचा भाग वेगळ्या टास्कमध्ये ठेवा. ईएसपी32ला दोन कोर आहेत. एकावर मोजमाप आणि सुरक्षा, दुसऱ्यावर वायफाय. राउटर शोधत बसलेला प्रोग्रॅम कोरडी मोटार बघायला विसरला तर सगळी मेहनत फुकट.

आदेश कसा लिहावा

‘चालू कर’ एवढाच आदेश अपुरा आहे. ‘चालू कर, 90 मिनिटं’ असा हवा. मिनिटं बोर्ड स्वतः मोजतो आणि वेळ भरली की स्वतः थांबवतो. मग नेटवर्क गेलं, सर्व्हर बसला, तुम्ही झोपलात, तरी मोटार रात्रभर चालत राहत नाही. शिवाय बोर्डात एक कमाल मर्यादा कोरून ठेवा. माझी चार तास आहे, फोनवरून कितीही मागा.

‘उलटव’ असा आदेश, म्हणजे चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू, कधीही ठेवू नका. तो दोनदा पोचला की उलटं होतं. ‘चालू कर’ दोनदा पोचला तर काही बिघडत नाही.

प्रत्येक आदेशाबरोबर क्रमांक आणि पाठवल्याची वेळ जाते. 30 सेकंदांहून शिळा ‘चालू’ बोर्ड फेकून देतो आणि ‘शिळा आदेश’ असं कळवतो. ‘बंद कर’ मात्र कितीही शिळा असला तरी ऐकायचा. यासाठी बोर्डाचं घड्याळ बरोबर लागतं: नेटवर्कवरून एनटीपीनं (इंटरनेटवरून बरोबर वेळ घेण्याची पद्धत) वेळ घ्या आणि डीएस3231 जातीचं बॅटरीवालं घड्याळ जवळ ठेवा.

निरोप्या: एमक्यूटीटी

विहीर आणि फोन यांच्यामध्ये निरोप नेण्यासाठी एमक्यूटीटी ही निरोपांची पद्धत वापरा. 1999 मध्ये आयबीएममधले अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीतले आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी बनवला. बारीक आणि महागडी जोडणी, सतत तुटणारी. आमच्या उसातलं नेटवर्क उपग्रहाचं नसलं तरी स्वभावानं तसंच आहे.

मध्ये एक ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढे देणारा प्रोग्रॅम, असतो. बोर्ड आणि फोन दोघंही त्याच्याशी आपणहून जोडून घेतात. हे महत्त्वाचं का, तर मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून शेतावरच्या सिमपर्यंत पोचता येत नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होणार नाही, त्यावर संध्याकाळ घालवू नका. आतून बाहेर जोडणी करा.

ब्रोकर म्हणून मॉस्किटो घ्या. भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर तो आरामात चालतो. विषयांची नावं यूटीएफ8 मध्ये असतात, म्हणजे देवनागरीही चालते. माझे चार विषय: विहीर/आदेश, विहीर/पावती, विहीर/स्थिती, विहीर/हजेरी.

आता तीन बारकावे. रिटेन नावाची सोय ब्रोकरला शेवटचा निरोप जपून ठेवायला सांगते आणि नव्यानं जोडणाऱ्याला तो लगेच देते. ‘स्थिती’ आणि ‘हजेरी’ला ती हवीच, म्हणजे फोन उघडल्या उघडल्या चित्र दिसतं. ‘आदेश’ला ती चुकूनही लावू नका. नाहीतर काल रात्रीचा ‘चालू कर’ प्रत्येक वेळी जोडणी झाली की पुन्हा येईल. दुसरं, बोर्डाची जोडणी क्लीन सेशननं करा, म्हणजे तो गैरहजर असताना साठलेले आदेश नंतर एकदम अंगावर येत नाहीत. शिळ्या आदेशाची तपासणी आहेच, पण दोन कड्या असलेल्या बऱ्या. तिसरं, लास्ट विल: बोर्ड जोडतानाच ब्रोकरला सांगून ठेवतो, ‘मी गप्प झालो तर हजेरीवर गैरहजर लिही’. कीप अलाइव्ह (बोर्डानं ‘मी आहे’ असं कळवायची मुदत) 30 सेकंद ठेवलं तर त्याच्या दीडपट, म्हणजे 45 सेकंदांत ब्रोकर त्याला गेलेला धरतो.

आदेश आणि पावतीला क्यूओएस 1 (निरोप पोचवण्याच्या हमीची पातळी) ठेवा. यात निरोप निदान एकदा पोचतो, कधीकधी दोनदा. म्हणूनच क्रमांक.

कुलूपकिल्ली

2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कुठल्या चतुराईनं नव्हे, तर कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. तुमच्या बाबतीत पलीकडे 415 व्होल्टची मोटार आहे.

एमक्यूटीटीचं 1883 हे उघडं पोर्ट बाहेर ठेवू नका. टीएलएसचं, म्हणजे निरोप कुलूपबंद करून नेणारं, 8883 वापरा. प्रत्येक बोर्डाला वेगळं नाव, वेगळा लांबलचक पासवर्ड. ब्रोकरच्या परवानगीच्या फाइलमध्ये लिहा की विहिरीचा बोर्ड फक्त आदेश वाचू शकतो आणि बाकीचे तीन लिहू शकतो. टीएलएसमध्ये दोन खड्डे आहेत. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र थोड्या थोड्या दिवसांनी बदलतं, म्हणून बोर्डात ते न ठेवता त्याच्या वरच्या मूळ संस्थेचं प्रमाणपत्र ठेवा. आणि बोर्डाला वेळ माहीत नसेल तर तो 1970 साल धरतो, त्याच्या मते तुमचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं आणि तो जोडायला नकार देतो. आधी वेळ, मग जोडणी.

सर्व्हर आणि नोंदी

सर्व्हरवर पायथनचा एक छोटा प्रोग्रॅम ब्रोकर ऐकत राहतो आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहितो. एका विहिरीला यापेक्षा मोठं काही लागत नाही. मोटार चालू असताना दर 10 सेकंदांनी, बंद असताना दर 5 मिनिटांनी, आणि अवस्था बदलली की लगेच एक निरोप. 100 बाइटचा निरोप धरला आणि मोटार चोवीस तास चालली तरी दिवसाला 8,640 निरोप, म्हणजे एक एमबीच्या आत. कुठल्याही सिमला परवडतं.

सूचना फक्त बदल झाल्यावर पाठवा. सुरुवातीला माझा प्रोग्रॅम दर मिनिटाला ‘लाइट नाही’ म्हणायचा. चौथ्या दिवशी आण्णांनी फोन म्यूट केला आणि पाचव्या दिवशीची खरी सूचना कुणी बघितली नाही. पण एक उलटी सूचना ठेवाच: रोज सकाळी सातला ‘सगळं ठीक, काल 140 मिनिटं चालली’. सर्व्हरच मेला तर तो ‘मी मेलो’ असं कळवू शकत नाही. सातचा निरोप आला नाही की घरचे मला फोन करतात. सिमच्या रिचार्जची तारीखही मी याच निरोपात घातली आहे, कारण सगळ्यात जास्त वेळा बंद पडलं ते त्यामुळेच.

फोनचा पडदा

टेलिग्रामचा बॉट करा किंवा साधं वेबपान, पण पडद्यावर दोन ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: तुम्ही काय सांगितलं आणि मोटार काय करतेय. त्याखाली शेवटचं मोजमाप किती जुनं आहे ते. माहिती दोन मिनिटांहून जुनी असेल तर आकडे करडे करा आणि ‘शेवटचं कळलं 2:14 ला’ असं लिहा. जुना आकडा ताज्याच्या तोऱ्यात मिरवू देऊ नका. अक्षरं मोठी, शब्द घरातले. मी आधी ‘फॉल्ट कोड 3’ लिहायचो. आता ‘विहिरीला पाणी नाही, 45 मिनिटं थांबा’ असं येतं आणि मला रात्री फोन येत नाहीत.

लाइट आल्यावर आपोआप

90 मिनिटांतली 30 झाली आणि लाइट गेली, तर उरलेली 60 बोर्डाच्या फ्लॅशमध्ये जपून ठेवता येतात. दर सेकंदाला लिहू नका. फ्लॅशच्या प्रत्येक भागाला पुसण्या-लिहिण्याची साधारण एक लाख वेळांची मर्यादा असते. पाच मिनिटांनी एकदा पुरे.

पण लाइट आली की लगेच मोटार उचलायची नाही. आपल्याकडे ऑटोस्विच, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारं यंत्र, लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे लाइट येते त्या क्षणी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, प्रत्येक पाच-सहा पट करंट मागते आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळते. महावितरण ऑटोस्विच काढा असं सांगत असतं ते याचमुळे. तुमचा प्रोग्रॅम हा मुळात एक शहाणा ऑटोस्विच आहे, तर त्याला शहाणपणा द्या: लाइट आल्यावर एक ते सहा मिनिटांमधला कुठलाही यादृच्छिक वेळ थांबायचं, त्या वेळात तिन्ही फेज टिकल्या तरच उचलायची. शेजाऱ्यानं तुमचाच प्रोग्रॅम उचलून नेला तरी दोघांच्या मोटारी एकाच क्षणी उठणार नाहीत.

मोडून बघणं

विहिरीवर नेण्याआधी टेबलावर, मोटारीच्या जागी बल्ब लावून, निदान आठवडाभर छळा. राउटरची पिन काढा. ब्रोकर बंद करा आणि अर्ध्या तासानं सुरू करा. तोच आदेश दोनदा पाठवा. काल तयार केलेला आदेश आज पाठवा. ‘चालू’ असताना बोर्डाचा सप्लाय काढून लगेच लावा. सीटीची पिन उपसा: मोजमाप गेलं की प्रोग्रॅमला मोटार बंद वाटते, आणि मग तो ‘उचलली नाही’ म्हणत लाल रिले उघडतो का, हे बघा. लाइट सेकंदभर घालवून आणा, पाच वेळा, पटापट. वहीतल्या पहिल्या पानावरच्या प्रत्येक ओळीसमोर खूण झाल्याशिवाय गाडीत सामान भरू नका.

दुरून नवा प्रोग्रॅम चढवायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर प्रत्येक दुरुस्तीला पुण्याहून गाव गाठावं लागेल. ईएसपी32 मध्ये दोन कप्पे करता येतात; नवा प्रोग्रॅम दुसऱ्या कप्प्यात जातो, आणि सुरू झाल्यावर पाच मिनिटांत ब्रोकरपर्यंत पोचला नाही तर बोर्ड जुन्यावर परत येतो. ही परतीची वाट मुद्दाम बिघडलेला प्रोग्रॅम पाठवून तपासा. अवस्था ‘बंद’ असतानाच नवा प्रोग्रॅम स्वीकारायचा, हा नियम बोर्डातच लिहा.

बसवताना

पेटी आयपी65 ची (धूळ आणि पाणी आत न घेणारी), तारा खालून ग्लँडमधून आत घेतलेल्या. मुंग्या आणि पाली कॉन्टॅक्टरमध्ये शिरतात आणि तिथंच मरतात. मग कॉन्टॅक्ट नीट मिटत नाही. भोकं सिलिकॉननं बुजवा. पेटी उन्हात नको, आणि लोखंडी पेटीत वायफायचा अँटेना आत ठेवलात तर सिग्नल बाहेर येत नाही. विजेच्या कडकडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग लागेल. पहिल्याच वळवात माझा एक बोर्ड गेला, तेव्हापासून एक प्रोग्रॅम चढवलेला बोर्ड आण्णांच्या कपाटात असतो.

दारावर एक फिरवायचा स्विच लावला आहे: ‘हात’ आणि ‘फोन’. ‘हात’वर असताना आपले दोन्ही रिले वाटेतून पूर्ण बाहेर जातात आणि पेटी जुन्या स्टार्टरसारखी चालते. कुणी विहिरीत उतरणार असेल तर आधी स्विच ‘हात’वर, मग ग्रिप्स काढून खिशात. स्विचची जागा बोर्डालाही एका पिनेवर कळते आणि फोनवर दिसते, त्यामुळे इकडून बटण दाबून काही होत नाही तेव्हा तिकडे कुणीतरी आहे हे समजतं. दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद चिकटवला आहे. त्यावर कुठली तार कुठं जाते त्याचं चित्र, फ्यूजचे आकडे आणि मोठ्या अक्षरांत एक ओळ: ‘फोन चालत नसेल तर स्विच हातवर करा आणि हिरवं बटण दाबा.’